शेवंताच्या मजुरीतला माठ

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीनंतर हातात पेन्सिल फारशी आली नाही, तेव्हा सांभाळून घ्या. कालपर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं — नवऱ्यालासुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात दीर पलटणीतून रजेवर आले. त्यांच्या ट्रान्झिस्टरवर कुणीतरी सांगत होतं, की वर्णभेद संपावा म्हणून आज जगभर दिवस पाळतात. परदेशात काळ्या माणसांना गोऱ्यांच्या नळावर पाणी पिऊ देत नाहीत. सासूबाई हळहळल्या, "मानसं हायत का कोन!" माझी तव्यावरची भाकरी करपली.

मला आमचा माठ आठवला.

दुष्काळात तलावाच्या कामावर सगळ्याच खडी फोडायचो. ऊन एकच, मुकादम एकच. माठ मात्र वेगळे — ज्याचा त्याचा, वेगळ्या झाडाखाली. बौद्धवाड्यातली शेवंता माझ्या शेजारी बसायची. हातोडा कसा धरायचा ते तिनंच मला शिकवलं. एका दुपारी तिच्याकडचं पाणी संपलं. पोटुशी होती, ओठ पांढरे पडलेले. "घे की आमच्यातलं," असं मीच म्हणाले. मीच ना?

तिनं आमच्या माठातून पाणी घेतलं, ते सासूबाईंनी पाहिलं. "कुनाला इचारून हात लावलास गं?" शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी — मी मान खाली घालून खडी फोडत राहिले. सासूबाईंनी माठ फोडला. पगाराच्या दिवशी त्याचे दोन रुपये शेवंताच्या मजुरीतून घेतले. मी तिथंच उभी होते. भ्याले होते? हो. पण तोंड तर माझंच होतं.

काल पिठाच्या गिरणीत शेवंता भेटली. सासूबाई होत्या, गावच्या बायाही होत्या. "त्या दिवशी पाणी घे म्हणून मीच सांगितलं होतं हिला," मी म्हणाले. सासूबाई डबा उचलून गेल्या. शेवंता म्हणाली, "आवं वैनी, लय वर्सं लागली की तुमाला बोलायला!"

तिच्यासोबत तिच्या घरी गेले. तिनं तांब्या पुढं केला, मी पाणी प्याले. मग अंडी विकून साठवलेले पैसे पदराच्या गाठीतून सोडले.

"आन् येवढ्या वर्सांचं याज वं?" ती हसली.

मला हसू आलं नाही. दोन रुपये तिच्या हातावर ठेवले — पुरते.