मोडी नहीं चलेगी!

सकाळी साडेदहा. इंदरगंज. बँकेचं दार नुकतंच उघडलेलं, आणि आत भांडण सुरू!

संस्थान विलीन झालं, पाठोपाठ आमची दरबारी बँकही एका मोठ्या बँकेत विलीन झाली. चेकचे नवे नियम आले. तेव्हापासून बातमीसाठी मला वणवण करावीच लागली नाही. काउंटरला टेकून उभं राहायचं, किस्से आपणहून चालत येत!

हजीरा भागातल्या एका पहिलवानाला ठेकेदाराने चेक दिला. त्यावर दोन तिरप्या रेघा, म्हणजे पैसे हातात नाहीत, खात्यातच जमा. पहिलवान गरजला, "देके काट दिया!" काउंटरवरच्या मिश्राबाबूंनी परोपरीने समजावलं. शेवटी तो म्हणाला, "अच्छा, एक लकीर मिटाओ. आधा दे दो!"

किला गेटचे सर्जेराव, फौजेतले निवृत्त हवालदार, चेक वटवायला आले. मिश्राबाबू म्हणाले, "पीछे दस्तखत कीजिए." सर्जेराव ताडताड बाहेर गेले, इमारतीच्या मागे उभं राहून सही करून आले. "केली! पण मागे साक्षीला कुणी नव्हतं. चालेल ना?"

आता त्या सकाळचं भांडण. दाजीकाका दरबारातले जुने कारकून. सही जन्मभर मोडीत, एका ओढीत. मुलगी शांता हिला मेडिकलला जागा मिळालेली, फी शनिवारपर्यंत भरायची. त्यासाठी काकांनी पैसे काढायला दिलेला चेक परत आला: सही वाचता येत नाही.

"सही वाचायची कशाला? नमुन्याशी जुळवायची!" मी ओरडलो.

काकांनी बालबोध गिरवून दुसरा चेक दिला. तोही परत: सही नमुन्याशी जुळत नाही!

"मग नमुना बदला," काका म्हणाले.

"अर्जी दीजिए. पुराने नमूने वाले दस्तखत करके," मिश्राबाबू म्हणाले.

"म्हणजे मोडीत?"

"मोडी नहीं चलेगी!"

"अहो, मग या माणसाने सही करायची तरी कशी?" मी काउंटरवर हात आपटला. मिश्राबाबूंनी मॅनेजरसाहेबांचा तसा लेखी हुकूम पुढे सरकवला. खाली सही: एक उंचवटा, लांब शेपूट, दोन टिंबं.

काकांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. "मिश्राजी, साहेबांचं नाव?"

"श्रीवास्तव."

"यातला श्री कुठला?"

मिश्राबाबूंनी कागद उलटा धरला. सुलटा धरला. मग खजिनदाराला हाक मारली. त्यालाही सापडेना!

शनिवार उलटला. शांताची जागा गेली.

मी काकांची मोडी सही आणि साहेबांची सही शेजारीशेजारी पेपरात छापल्या आणि विचारलं, यातली वाचता न येणारी कोणती?

बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही.