अण्णांची थाप

आमचे अण्णा कुणालाही नुसती हाक मारत नसत. समोर जे असेल त्यावर आधी पंजा आपटायचे, मग नाव घ्यायचे. टेबल, कपाट, लाकडी जिना, काहीही चालायचं. शिलाई मशिनींच्या खडखडाटात जन्म गेलेला. तिथे नुसती हाक पोचत नाही; कटिंगच्या टेबलावर थाप मारली की मान खाली घातलेला कारागीर वर बघतो. दुकानातली ती सवय घरी आली होती. लग्न होऊन मी सांगलीहून म्हैसूरला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या थापेनं माझ्या हातातलं दूध सांडलं. अण्णा हसत म्हणाले, "भिऊ नको गं, ही आमच्या घरची कॉलिंग बेल."

सासरे म्हणून त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. मला कन्नड त्यांनी शिकवलं, भाजीवाल्याशी घासाघीस करायला लावून. सासूबाई चिडल्या की माझ्या बाजूनं तेच भांडायचे. माझी चिनू जन्मली, तेव्हा तिची नाळ पडायच्या आत अण्णांनी शिवलेली झबली घड्या घालून तयार होती.

दवाखान्यात बाळाचे कान तपासले, निकाल समाधानकारक आला नाही. महिन्याभरानं पुन्हा आणा, म्हणाले. अण्णा म्हणाले, "आत्ता जन्मलेलं पिल्लू, कानात पाणी असेल. सुम्ने कशाला भितेस? बिडम्मा." सुम्ने म्हणजे उगाच, आणि बिडम्मा म्हणजे सोड गं बाई, एवढंच. पण अण्णा 'बिडम्मा' म्हणाले की त्या घरात विषय खरोखरच सुटायचा; ती दुसरी तपासणी झालीच नाही.

मला तो सोडवत नव्हता. मागून हाक मारली की चिनू वळायची नाही. दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नाही. मी कुरकुर केली की अण्णा तिला दुकानात न्यायचे, कटिंगच्या टेबलावर बसवायचे, तिच्या पाठीमागे उभे राहून थाप मारायचे आणि ओरडायचे, "चिन्नू!" पोरगी गर्रकन वळून खुदकन हसायची.

"बघितलीस? हिला ऐकू येत नाही म्हणे! तुम्ही सांगलीचे लोक हळू बोलता, अष्टे."

अष्टे म्हणजे तेवढंच. सगळे हसायचे. माझा नवराही. वर अण्णांचं ठरलेलं वाक्य असायचंच: "आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात. मी चार वर्षांचा होऊन बोललो, मग कुणाला थांबवता आलं काय?"

चिनू तीन वर्षांची व्हायला आली, तेव्हा कुणालाही न विचारता मी तिची तपासणी ठरवली. अण्णा हट्टानं बरोबर आले आणि कानतपासणीच्या मॅडमना त्यांनी तोच प्रयोग करून दाखवला. थाप, हाक, गर्रकन मान. मॅडम म्हणाल्या, "सर, आता टेबलाला हात न लावता हाक मारा." अण्णांनी मारली. पुन्हा मारली. घसा ताणून मारली. चिनू ठोकळे रचत राहिली.

"ती तुमच्या आवाजाला वळत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "हादऱ्याला वळत होती. अशी मुलं फार हुशार असतात. जमिनीचा कंप, वाऱ्याची झुळूक, सावली, सगळं टिपतात आणि घरच्यांना वाटतं, ऐकू येतं."

मग झोपलेल्या चिनूच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली. बोलण्याचा आवाज तिच्या दोन्ही कानांपर्यंत पोचतच नव्हता. भाषा पकडायला मेंदू सगळ्यात तयार असतो तो पहिल्या काही वर्षांत. ती वर्षं शांततेत गेली. आता शिकेल, पण घाम गाळून शिकेल. मराठीत थाप या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं. अण्णांनी आम्हाला थाप मारली नव्हती, त्यांचा टेबलावरच्या त्या थापेवर मनापासून विश्वास होता. म्हणून तर राग कुणावर काढायचा हेही कळेना. मी तो त्यांच्यावरच काढला, मनातल्या मनात, पुढे कित्येक वर्षं.

चिनूला कानाची मशिनं बसली. जागी असेल तेवढा सगळा वेळ ती कानात हवीत, असं मॅडमनी बजावलं होतं. अण्णा तिला बाहेर नेताना ती काढून खिशात घालायचे. "रस्त्यात कशाला? लोक बघतात." मी भांडले, तेव्हा त्यांनी कान झाकणाऱ्या टोप्या शिवल्या, प्रत्येक फ्रॉकला जुळणाऱ्या, कडेला बारीक भरतकाम. मॅडम म्हणाल्या, कापड मशिनवर घासतं, मुलीला दिवसभर खरखर ऐकू येत असणार. अण्णांचा चेहरा पडला. दोन दिवसांनी म्हणाले, "मग मऊ रेशमाची शिवतो."

आता चिनू सहावीत आहे. बोलते, भांडते, चेष्टा करते. तिच्या बोलण्यातले स आणि श अजून निसटतात, आणि तोंड बघितल्याशिवाय तिला अर्धं समजत नाही. अण्णांवर तिचा जीव होता. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तर शाळेतून आली की दप्तरासकट त्यांच्या खाटेवर.

एका संध्याकाळी त्यांचा हात धरून ती बसली होती. अण्णा भिंतीकडे तोंड करून पुटपुटले. तिनं मला विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, चिन्नूचं माझ्यामुळे नुकसान झालं."

"काय नुकसान?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सांगू नको, असं ते डोळे म्हणत होते, स्पष्ट. मी चिनूसमोर बसले आणि सावकाश, तोंड तिच्याकडे ठेवून सगळं सांगितलं. टाळलेली तपासणी, टेबल, सगळ्यांचं हसणं.

"म्हणजे मला मशीन आधीच मिळालं असतं?"

"हो."

तिनं अण्णांच्या हातातून आपला हात काढून घेतला. अण्णांनी तो परत मागितला नाही. त्याच आठवड्यात ते गेले, आणि तोवर ती त्यांच्या खोलीत फिरकली नाही.

जाणाऱ्या माणसाला एवढं तरी सुख द्यायचं होतंस, असं नवरा अजून म्हणतो. मला अण्णांची आठवण रोज येते. आली की रडूही येतं. पण प्रश्न चिनूनं विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्या घरात तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.