खाऱ्या टाकीतले शेजारी

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. अबुधाबीतल्या आमच्या ऑफिसातली खाऱ्या पाण्याची मोठी टाकी एक मालवणी माणूस सांभाळायचा. नव्या माशाला तो आधी बादलीत ठेवून विचारायचा, "शेजारी पटतले मां तुका?" मला हवा असलेला ट्रिगर मासा त्याने नाकारला. "सायबानू, हो बारक्यांका खातलो."

एका शुक्रवारी तो नसताना मी हट्टाने तो मासा टाकीत सोडला. शनिवारपर्यंत निम्मे लहान मासे संपले होते.

"किसने डाला? नौकरी जाएगी!" मोठे साहेब ओरडले. मी टाकीकडे बघू लागलो. माझ्याकडे एकदा बघून तो मालवणी माणूस म्हणाला, "मेरा गलती, सर."

त्याची नोकरी कशीबशी वाचली. मला म्हणाला, "खलास. परत भरूया, इन्शाल्ला." वर्षभरात टाकी पुन्हा गजबजली. भारतात परतताना मी माफी मागायला त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "टाकी छान दिसते हं."