उजव्या बाजूची वाटी

माझी थोरली बहीण, आमची अक्का, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. सकाळी आठला जी जागेवर असेल तिला शिलाई मशीन मिळते. उशिरा येणारीला दिवसभर उभं राहून घड्या घालाव्या लागतात. अक्काचा गुडघा उभं राहणं सोसत नाही. सायकल मात्र तिला चालवता येते. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तिची सगळी भिस्त सायकलीवर.

सुट्टीच्या दिवशी ती सायकल मी दुरुस्तीला घेतली. दोन्ही पायडलं जोडणारा आस फ्रेमच्या आडव्या नळीत फिरतो. नळीच्या दोन्ही तोंडांना आटे पाडलेली एकेक वाटी बसते आणि वाटीत छर्रे असतात. साखळीच्या बाजूची वाटी झिजून इतकी सैल झाली होती की बोटांनीच फिरली. ती कोणत्या दिशेने फिरली, हे मी पाहिलं नाही.

नवी वाटी आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "उजवी की डावी?" सायकल अंगणात उलटी उभी केलेली होती. मी मागच्या चाकाशी उभा राहून काम करत होतो आणि साखळी माझ्या डाव्या हाताला होती. मी म्हणालो, "डावी." जुनी वाटी नमुन्याला नेली नव्हती.

नवी वाटी जेमतेम टेकली आणि अडली. गंज असेल असं समजून मी पान्याला पाइप लावून जोर दिला. वाटी आत गेली. मागोमाग नळीतून लोखंडाचा चकचकीत कीस बाहेर आला, आणि वाटी जागच्या जागी डुलू लागली.

दुपारी मी आणि अक्का सायकल ढकलत सायकल दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी नळीत बोट फिरवलं.

"उजवीचे आटे उलटे असतात की, साहेब. तुमी तिथं डावी घातलात."

"सायकल उलटी होती," मी म्हणालो.

"तुमी शीर्षासन केलात तर उजवा हात डावा होतोय व्हय?"

"पेपरच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढतोय हा," अक्का म्हणाली.

नळीचे आटेच गेले होते. आता मेस्त्रींनी काढलेली नवी उजवी वाटीही धरेना. पत्र्याची पट्टी गुंडाळून मेस्त्रींनी ती ठोकून पाहिली. पायडल दोनदा फिरवताच ती सैल झाली. शेवटचा एकच उपाय उरला होता. वाटीला वेल्डिंगचे दोन टाके देऊन ती नळीला कायमची जोडायची.

"छर्रे डावीकडनं बदलता येतील," ते अक्काला म्हणाले. "पण ही वाटी झिजली की फ्रेम गेली म्हणून समजा, ताई. आदी सांगतोय."

"उद्या आठला पोचेन का?"

"पोचताय की."

"मग जोडा."

वाटी तापू नये म्हणून त्यांनी आतून ओलं फडकं कोंबलं आणि टाके मारले.

दुसऱ्या दिवशी अक्का आठच्या आधी पोचली आणि तिला मशीन मिळालं. संध्याकाळी परतल्यावर ती म्हणाली, पायडल जरा जड जातंय. डावीकडची वाटी पाव फेरा सैल केली तर फरक पडला असता. मी पाना घेतला.

"ठेव ते खाली," अक्का म्हणाली. "जड चालेल मला."