शेवंताबाईंच्या अ‍ॅपातलं माप

शेवंताबाई मोठ्यानं "छत्तीस" म्हणायच्या आणि वहीत चाळीस लिहायच्या.

हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यात, त्यांच्या ब्लाउजच्या दुकानात सत्तावीस वर्षं हेच चालत आलं होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि पडद्याबाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या चार बाया. पडदा डोळ्यांना अडवतो, कानांना नाही. अगदी सुरुवातीला त्यांनी एका शाळेच्या बाईंचं खरं माप साऱ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. बाकावरून कोणीतरी "अगं बाई" म्हटलं. त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत, आणि त्यांच्या दोन नणंदाही गेल्या. तेव्हापासून तोंडचं माप चार इंच कमी. ब्लाउज मात्र वहीच्या मापानं, त्यामुळे तो अंगात सटकन जायचा आणि बाया आरशासमोर वळून वळून म्हणायच्या, लग्नात होते तेवढीच आहे बघा.

आता हे सगळं मोबाईलमध्ये घालायची वेळ आली ती चित्राताईंमुळे. चित्राताई म्हणजे वकिलीणबाई, त्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहणाऱ्या, सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्या जिथं शिवतात तिथं अर्धा पारा शिवतो. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि घरातल्या बायांचे मिळून एकतीस ब्लाउज व्हायचे होते. पण लेक बेंगळुरूला राहणारी, तिला डिझाईन, तारीख, माप, सगळं फोनवर दिसायला हवं. मेन रोडवरच्या नव्या बुटीकचं असं अ‍ॅप होतंच. चित्राताई पदराशी खेळत म्हणाल्या, "माझा जीव तुमच्यातच आहे हो, पण पोरगी ऐकत नाही. म्हणते, जिसका अ‍ॅप नहीं उसका काम नहीं. पंधरा दिवसांत काढा काहीतरी."

एकतीस ब्लाउज गेले तर मागोमाग पारा जाणार, हे शेवंताबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी बीरगांवला बहिणीच्या पोराला, प्रशिकला, फोन लावला.

प्रशिक अ‍ॅप बनवायच्या कंपनीत होता. मराठी त्याला सगळी कळायची, पण तोंडातून हिंदीच यायची. रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला, मशीनजवळच्या स्टुलावर बसला आणि बेतायच्या खाकी कागदावरच आखणी करायला लागला.

"मौसी, पहले ये बताओ, कस्टमर आती है, फिर?"

"मंग बसते."

"फिर?"

"मंग बोलते. नवऱ्याचं, सुनेचं, गुडघ्याचं. अर्ध्या घंट्यानं ब्लाउजवर येते."

प्रशिकनं एक चौकोन काढून त्यात 'चैट' लिहिलं.

गळ्यांच्या चौकोनात पानगळा आला, मटकागळा आला, आणि शेवंताबाईंच्या म्हणण्यानुसार सगळ्यात जास्त मागणी असलेला 'त्या रिसेप्शनला त्या गोऱ्या बाईनं घातला होता तो' हा गळा आला. तो कसा काढायचा हे न सुचून प्रशिकनं तिथं फोटो टाकायचं बटण दिलं. तारखेचा आणखी घोळ झाला. शेवंताबाई गुरुवार सांगत आणि ब्लाउज शनिवारी तयार होई, हे बायांनाही ठाऊक होतं, म्हणून त्या शनिवारीच येत. मग सरळ शनिवार लिहू, असं प्रशिक म्हणाला. शेवंताबाईंनी त्याला समजावलं की मग बाया सोमवारी येतील आणि तयार ब्लाउज दोन दिवस खुंटीला लटकतील. दारात पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान धर्मपाल रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले की आमच्याकडे लिहिलेला टाइम म्हणजे टाइम. शेवंताबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा पेपरात गेले.

तिसऱ्या चौकोनात 'मेरा माप' होतं. तिथं आल्याबरोबर शेवंताबाईंना चहा आठवला. चहा झाल्यावर बॉबिन अडकली. मग समोरच्या गल्लीत कोणाचा तरी आवाज आला. चौथ्या वेळी प्रशिकनं पेन खाली ठेवलं आणि काय भानगड आहे ते विचारलं. धर्मपालांना दूध आणायला धाडून शेवंताबाईंनी वही त्याच्यासमोर उघडली आणि तोंडच्या मापाची सगळी हकिगत सांगितली.

प्रशिक इतका हसला की स्टूल सरकलं. मग कंपनीतला चेहरा करून म्हणाला, "मौसी, ये तो डेटा में गड़बड़ी है."

"गडबडी नाही रे पोट्ट्या, रीत हाय."

शेवटी त्यानंच तोड काढली. दोन खाने ठेवायचे, एक वहीचा आणि एक तोंडचा. गिऱ्हाईकाच्या फोनवर दिसेल तो तोंडचा. "हव," शेवंताबाई म्हणाल्या, "हे बराबर बसलं." चार संध्याकाळी बसून प्रशिकनं दोनशे चौदा बायांची मापं दोन्ही खान्यांत भरली. दोन्हीकडची मापं भरता भरता त्याला शहराबद्दल बरंच ज्ञान झालं.

पहिलं अ‍ॅप चित्राताईंच्या फोनमध्ये गेलं. त्यांनी 'छत्तीस' वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. इथंच पाय घसरला होता, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. तोंडचं माप आजवर हवेतच विरत असे. आता ते तारखेसकट गावभर फिरायला मोकळं झालं.

आठव्या दिवशी चित्राताई एक खोका घेऊन आल्या. लेकीनं त्यांना चकित करायला म्हणून बेंगळुरूच्या कुठल्याशा डिझायनरकडून तयार ब्लाउज मागवला होता, त्याच फोटोतल्या मापानं. तो कोपरापर्यंत गेला आणि तिथंच बसला. शिवण उसवून सोडायला आत कापडही नव्हतं. चित्राताईंनी कंपनीला फोनवर झापलं, तर तिकडून नम्रपणे सांगण्यात आलं की ब्लाउज छत्तीसचाच आहे, कृपया अंगाचं माप परत तपासावं. वर लेक म्हणाली की ज्या टेलरच्या अ‍ॅपात मापच चुकीचं, त्याला एकतीस ब्लाउज कसे द्यायचे.

"तर शेवंताबाई," चित्राताईंनी खोका मशीनवर ठेवला, "चुकलं कोण ते सांगा."

बाहेर बाकावर चौघी कान टवकारून बसल्या होत्या. अ‍ॅप कसं चाललंय ते बघायला आलेला प्रशिक स्टुलावरून कुजबुजला, "अ‍ॅप में बग है बोल देते हैं, मौसी." पण अ‍ॅप चुकलं म्हणावं तर लेकीचं खरं ठरतं आणि एकतीस ब्लाउज जातात. कंपनी चुकली म्हणावं तर टेप शेवंताबाईंच्या गळ्यातच लटकते आहे, चित्राताई चष्मा लावून स्वतःच ब्लाउज मोजून बघतील. शेवंताबाईंनी बाकाकडचा पडदा ओढला आणि आवाज सुईच्या टोकाएवढा केला.

"तुमचं चाळीस हाय, चित्राताई. अ‍ॅपाची चूक नाही, ते माह्या तोंडचं बोलते. म्या तुमाले कधी खरं सांगितलंच नाही."

चित्राताई खुर्चीत बसल्या. त्यांनी ब्लाउजकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, आरशाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. शेवंताबाईंना वाटलं, आता पिशवी उचलतील.

"सगळ्यांनाच कमी सांगता?" चित्राताईंनी तितक्याच हळू विचारलं.

"सगळ्यायले. चार इंच."

"मीराला पण?" मीरा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ.

शेवंताबाईंनी गळ्यातली टेप सारखी केली. "मीराताईले सहा."

प्रशिकनं मीराताईंचे दोन्ही खाने स्वतः भरले होते. त्यानं तोंड उघडलं, तशी मावशीची चप्पल त्याच्या बुटावर आली.

चित्राताई बोटांवर मोजत होत्या. "अडतीस सांगते ती सगळ्यांना. अडतीस आणि सहा..." त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या वेळानं पहिल्यांदा रंग आला. त्या उठल्या, ब्लाउज खोक्यात कोंबला आणि तिथूनच लेकीला फोन लावून सांगितलं की चांगले टेलर माप मोबाईलमध्ये ठेवतच नसतात, त्यानं नजर लागते, आणि एकतीसच्या एकतीस इथंच होणार. फोन ठेवून त्यांनी प्रशिकला बजावलं की ते पान आत्ताच्या आत्ता काढ. प्रशिकनं काढलं आणि त्या जागी लिहिलं, 'माप दुकान में'.

"उद्या अकराला मीराला घेऊन येते," चित्राताई पडदा बाजूला करत म्हणाल्या. "तिचं माप घेताना मी आतच थांबेन. तुमच्या खांद्यावरून बघेन."

त्या गेल्या. बाकावरच्या चौघी एकमेकींच्या कानाला लागल्या. प्रशिकनं लॅपटॉप मिटला.

"मौसी, मीराताई का तो चार ही कम है, छह नहीं. कल क्या करोगी?"

शेवंताबाईंनी सुईत दोरा ओवला आणि दातानं तोडला.

"टेप कोणाच्या हातात हाय?"