वस्तुमान चुकलंय

खंडाळ्याच्या हॉटेलात, परिषदेतल्या चहाच्या टेबलापाशी, चाळीस माणसांसमोर सरांनी माझ्या कानाखाली मारली. दात ओठात घुसला. रक्त कुर्त्यावर.

"ठाकराची पोर मला वस्तुमान शिकवणार?"

ठाकर म्हणजे आम्ही, डोंगरातले आदिवासी. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. आमचा विषय क्ष-किरण जोडतारे. दोघं एकमेकांभोवती फिरतात. एक दिसत नाही, तो दुसऱ्याला ओरबाडून खातो. दिसणाऱ्याचा प्रकाश फोडून वर्णपट काढायचा, त्यातल्या काळ्या रेघा किती सरकतात ते मोजायचं. त्यावरून न दिसणाऱ्याचं वस्तुमान कळतं. सरांनी ते काढलं आणि कृष्णविवर सापडलं म्हणून जाहीर केलं.

मी त्याच रेघा दोन वर्षं तपासल्या. क्ष-किरणांनी ताऱ्याची समोरची बाजू भाजून निघाली होती. रेघा येत होत्या त्या पाठीकडून. पाठ लांबून फिरते, म्हणून वेग जास्त दिसला, वस्तुमान फुगलं. तिथं कृष्णविवर नाही, त्याहून हलका न्यूट्रॉन ताराच असावा. एवढंच सांगितलं होतं. तेही हळू आवाजात.

कुणी मधे पडलं नाही. एकानं कागदी रुमाल दिला, म्हणाला, माफी मागून टाक.

मी तडक भाज्याला, आमच्या गावी गेले. आई दुसऱ्याच्या भातात तण बेणत होती. माझं तोंड बघून बांधावर आली. सगळं ऐकलं.

"मलाबी मारलंय बंगलेवालीनं. चिमट्यानं. तू साळंत व्हतीस म्हनून मी गप ऱ्हायले. तू कुनासाठी गप ऱ्हानार?"

मी रात्रीच खंडाळ्याला परतले.

दुसऱ्या दिवशी सरांचं भाषण. पडद्यावर मी काढलेले वर्णपट, माझं नाव कुठंच नाही. मी मंचावर चढले. माईक घेतला. भाजलेली बाजू समजावून सांगायला लागले. सरांनी वेणी धरून मला खाली खेचलं. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. मी त्यांच्या मनगटाला चावले. हाड लागेस्तोवर. ते किंचाळले, त्यांच्या हातून वेणी सुटली. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं. तशीच उभी राहिले आणि राहिलेलं सगळं बोलले.

कपाळाला पाच टाके. पोलिसांत तक्रार दिली. आता सरांकडून निरोप येतात: तक्रार मागं घे, पदवी मिळेल.

घेणार नाही. पदवी गेली तर जाऊ दे. शोधनिबंध मी लिहिणार, त्यात खरं वस्तुमान येणार, आणि वर माझं नाव. आडनावासकट.