लाइट नसताना आलेलं उत्तर

इथे ग्रुपवर लोक वडाखालच्या बाईचे, पांढऱ्या साडीचे अनुभव लिहितात. मी वाचतो आणि हसतो. स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे. जन्म देवबागला मासेमारीत गेला. काळोखातून होडी आणली, मशीन बंद पडून दर्यात हेलकावे खात राहिलो... भूत सोडा, भुताचं मांजरसुद्धा दिसलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक सांगणार नाही. पण जे झालं ते झालं.

शिक्षण चौथी. हे कागदावर मी लिहिलं, टाइप मुलीने केलं. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

माझी घरकारीण, म्हणजे बायको, गेल्या वर्षी गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. घर एकदम मोठं झालं, एवढंच.

आमचं घर खाडीच्या बाजूला. मागे चालत गेलं की समुद्र. एक खोली पर्यटकांना देतो, त्यांच्यासाठी वायरीचं इंटरनेट घेतलेलं. मोबाइलची रेंज मात्र घरात शून्य, फोन करायचा तर बाहेर सुरूच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं.

मुलगी रेश्मा पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. आई गेल्यावर घरी आली ती पडवीत बसून तिथूनच काम करत राहिली. मग तिच्या मॅडमने सांगितलं — असं किती दिवस चालायचं? गावच्या नेटवर्कवर काम टिकतं हे एकदा दाखव, नाहीतर सोमवारपासून ऑफिसला ये. मी रेश्माला "रव" म्हटलं नाही, "जा" पण म्हटलं नाही. आमच्याकडे बाप असलं बोलत नाहीत. जेवण मात्र गिळवेना.

ती काय काम करते ते तिने मला समजावलं. दोन लांबची कॉम्प्युटरं एकमेकांशी बोलतात, त्या बोलण्याच्या प्रोग्रामची ही तपासणी करते.

"बाबा, दोन टोकां आसत. एक टोक इचारता, दुसरा उत्तर देता. एकदा इचारला की उत्तर येयसर परत इचारूक गावणा नाय."

"आणि उत्तर नाय इला तर?"

"तर इचारणारो वाट बघीत बसता."

"म्हणजे म्हावऱ्याक गेलेल्याच्या बायलेसारखो."

"तसाच समजा," म्हणाली आणि हसली. खूप दिवसांनी हसली.

जुन्या प्रोग्राममध्ये खोट होती. वाट बघताना मध्येच लाइन तुटली तर उत्तर हरवायचं आणि विचारणारा अडकून पडायचा. रेश्माने ते दुरुस्त केलं होतं. लाइन तुटली तरी परत जुळली की उत्तर पोचलं पाहिजे. हेच मॅडमला दाखवायचं होतं. विचारणारं टोक घेऊन ती कणकवलीला माझ्या बहिणीकडे जाणार, उत्तर देणारं टोक देवबागला माझ्याकडे. मॅडम पुण्यातून रेश्माचा स्क्रीन बघणार.

"तुमी फक्त एक करायचा," ती एस्टीला निघताना म्हणाली. "टिंग वाजला की लगेच दाबू नकात. माका उशीर व्हयो आसा. एक चाय घेवा आणि मगे ह्या मोठा बटण दाबा. बस्स."

"मी काय ल्हान पोर आसंय?"

"आसास," म्हणाली आणि गेली.

आता माझा शहाणपणा ऐका. आमच्या खाडीकाठची एक रीत आहे. माणूस दिसत नसेल आणि नुसती हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. मी विश्वास ठेवत नाही म्हटलं ना? ठेवत नाही. पण हाडात मुरलेली सवय आहे, तिला काय करणार. घरकारणीला माझ्या या सवयीचा भयंकर राग. ती कधी वाट बघायची नाही. पहिल्या हाकेला आतून तिचं उत्तर ठरलेलं, "थांब गो, हात ओले आसत!" पुरुषाने हाक मारली तर "थांब रे." दिवसभर माशात नाहीतर भांड्यात, हात कधी कोरडे नसायचेच.

भर दुपार, कडक ऊन. पडवीत बसलो होतो. टिंग वाजलं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. चहा केला, प्यायलो, समोर येऊन बसलो... आणि दुसऱ्या टिंगची वाट बघू लागलो. पोरगी दिसत नाही, नुसती हाक आलेली. बोट आपोआप मागे राहिलं.

दुसरं टिंग येणार कुठून? उत्तर आल्याशिवाय तिला विचारता येत नाही, हे तिने मला सकाळीच सांगितलेलं. मी मान पण डोलावली होती! ती तिकडे अडकलेली, मी इकडे अडकलेलो. दोघंही वाट बघतोय.

त्यातच लाइट गेली. पंखा थांबला. इंटरनेटच्या डब्यावरचे दिवे विझले. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता, पण जगाशी संबंध संपला.

मी तसाच बसलेलो. इतक्यात शेजारची माई आली, डोक्यावर पिठाचा रिकामा डबा.

"लायट खंय गेली ती बघितलंस? माझा दळाप गिरणीत अडाकला! आणि तू रे, असो पुतळ्यासारखो कित्याक बसलंस?"

"रेश्माची हाक इली. तिसरी येवंदे."

माईने डबा खाली ठेवला. "अरे मेल्या, ता मशीन आसा! मशीनीक काय भूत लागता? पोरगी थंय ताटकळली आसतली!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बटण दाबायला गेलो तर माईच म्हणाली, "आता लायट नाय, दाबून काय करतलंस?" आम्ही दोघं इंटरनेटच्या डब्याकडे बघत बसलो. मी स्वतःला शिव्या दिल्या, उरलेल्या माईने दिल्या. ती त्यात तयार आहे.

बऱ्याच वेळाने लाइट आली. डब्यावर दिवे लागले. मी बटण असं दाबलं की टेबल हललं.

संध्याकाळी रेश्मा आली ती चप्पल न काढताच पडवीत. डोळे लाल, तोंडभर हसू. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "बाबा, तुमी काय लिवल्यात?"

"लिवतंय खंय? बटण दाबलंय. उशिरान दाबलंय, चुकला माझा..."

"ता न्हय. त्याच्या आधी."

कणकवलीला जे झालं ते तिने सांगितलं ते असं. प्रश्न पाठवला, उत्तर नाही. चहाचा वेळ कधीच होऊन गेला. मग लाइन तुटल्याची खूण आली. तरी ती थांबली. शेवटी पुण्याहून मॅडम कंटाळल्या.

"रेश्मा, बंद कर आता. फेल लिही. गावात हे असंच होणार."

तिचा हात बंद करायच्या बटणावर गेला. आणि स्क्रीनवर एक ओळ उमटली. मराठी अक्षरात.

थांब गो, हात ओले आसत.

पोरगी म्हणते, तिला भीती वाटलीच नाही. हसूच फुटलं. मॅडम विचारतात, "काय झालं?" आणि हिच्या तोंडातून निघून गेलं, "मॅडम, थांबूया. आई थांब म्हणते."

मॅडमनेच तिला आईच्या वेळी सुट्टी दिलेली. त्यांच्या समोरही तीच ओळ होती. दोघी थांबल्या. आणि मग, लाइट आल्यावर मी दाबलेलं बटण पोचलं. लाइन तुटून जुळली, उत्तर हरवलं नाही. तपासणी पास!

आता तुम्ही विचाराल ते मीच विचारून ठेवलंय. त्या कॉम्प्युटरवर मला मराठी लिहिता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. माईला वाचताच येत नाही. ती ओळ आली तेव्हा आख्ख्या देवबागला लाइट नव्हती, हवं तर गिरणीवाल्याला विचारा. एका प्रश्नाला एकच उत्तर येऊ शकतं, त्या प्रोग्रामचा नियमच तसा आहे. इथे दोन आली. माझ्या बाजूच्या कॉम्प्युटरवर एकच गेल्याची नोंद. बहिणीच्या घरी तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, ती बाजारात गेलेली. आणि हो, बटणं ओली होती काय? नव्हती. खोटं कशाला सांगू? कोरडी ठणठणीत होती.

मॅडमच्या ऑफिसातल्या हुशार मुलांनी ते सगळं तपासलं. लाइट घालवून बघितली, लाइन तोडून बघितली, तसंच्या तसं करून बघितलं. परत काही आलं नाही. एक मुलगा म्हणाला, प्रोग्रामात कुठेतरी चूक असणार. शोधतोय अजून. शोध बाबा, सापडली तर मलाही सांग. मॅडम मात्र रेश्माला म्हणाल्या, "तो विषय राहू दे. तू तिथूनच काम कर."

त्या रात्री आम्ही दोघांनी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण केलं. मीठ जास्त पडलं, तरी टोप चाटूनपुसून साफ केला. रेश्मा मध्येच हसायची, मग मी हसायचो. माईने कुंपणावरून विचारलं, "काय रे, लॉटरी लागली काय?" मी म्हटलं, "हां, लागली."

मला या गोष्टीचा अर्थ लागलेला नाही. लागेल असं वाटतही नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर लिहा, मी वाचीन. पटेल याची खात्री देत नाही.

रविवारी रेश्माने पुण्याची बॅग रिकामी केली. ती माळ्यावर टाकायला मीच शिडी लावून चढलो. खालून ती ओरडली — "उतरा आधी! ह्या वयात पाय मोडून घेवचो आसा? माका सांगूक काय झालेला?" मला चांगलंच फैलावर घेतलं. घरात माझ्यावर कोणी ओरडलं त्याला वर्ष झालेलं. मी बॅग कोपऱ्यात सरकवली, आणि मुद्दाम थोडा वेळ वरच बसून राहिलो.